पण सोलणार कोण?

नागपूरच्या माणसाला समुद्र नसल्याचं दुःख एरवी होत नाही. झिरो माइलच्या दगडापासून कोणताही किनारा गाठायचा तर रात्र रेल्वेतच जाते, त्यामुळे तो विषय आम्ही मनातल्या मनात मिटवलेला असतो. दुःख होतं ते पाहुणा समुद्राचे फोटो दाखवू लागला की.

आमचा पाहुणा म्हणजे यांचा पुतण्या, मुक्काम न्यूयॉर्क. सुट्टीत फ्लोरिडाला जाऊन त्याने स्कॅलप नावाचे शिंपले गोळा केले होते. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, उथळ पाण्यात पालथं तरंगायचं आणि तळाच्या समुद्री गवतात शिंपला दिसला की बुडी मारून उचलायचा. या शिंपल्याला कडेने निळेशार डोळे असतात, डझनावारी. दोन्ही झाकणं उघडमिट करत तो चक्क पळूनही जातो. सरकारचा नियम असा, की माणशी दिवसाला दोन गॅलन अख्खे शिंपले न्या, नाहीतर सोललेलं मांस एक पिंट. मी मनात हिशेब मांडला. साडेसात लिटर टरफलांमागे अर्धा लिटरही ऐवज नाही! फोटोत सगळे हसत होते. सोलणाऱ्याचा फोटो कुठेच नव्हता.

"आमच्याकडे काय कमी आहे बे?" हे ताटावरूनच गरजले. "समुद्र नसेल, तलाव तं आहेत! रविवारी शिंगाडे तोडायला जाऊन राहिलो आपण."

"सोलणार कोण?" मी विचारलं. त्याच क्षणी सगळ्यांना भात हवा झाला.

कार्तिक सुरू होता, शिंगाड्यांचे ऐन दिवस. भंडाऱ्याच्या बाजूला यांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा एक तलाव निघाला. मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत, धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यातले मासे-शिंगाडे आता मच्छीमारांच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात. ही माहिती यांनी गाडीत बसल्याबरोबर दिली, पेट्रोल पंपावर पुन्हा दिली आणि पुतण्याला झोप लागल्यावर मला दिली. आदल्या रात्री जागून केलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, भंडारा यायच्या आधीच संपल्या होत्या.

पोचलो तर तलावात पाणी दिसेना. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती हिरवी पानं. पानांच्या देठाला हवेने भरलेला फुगवटा असतो, त्यामुळे वेल वर तरंगतो आणि फळं खाली पाण्यात लोंबतात. डोंगेवाल्या भाऊने एकदाच करून दाखवलं. "येल उचला, पलटवा, जून फळ तोडा, अन् होता तसाच पान्यात ठेवा. कवळं हाय त्याले हात नोका लावू."

पुतण्याचा चेहरा उजळला. "काकू, हे तर मी केलंय!"

झालंय असं, की एकोणिसाव्या शतकात कुणीतरी हाच शिंगाडा अमेरिकेतल्या पाण्यात सोडला, आणि त्याने तिकडची तळी नि नद्या व्यापून टाकल्या. आता न्यूयॉर्ककडची सज्जन माणसं सुट्टीच्या दिवशी होड्या घेऊन जातात आणि बी पडायच्या आत तो मुळासकट उपटून टाकतात. तेही फुकटात. त्या शाळेत तयार झालेला आमचा मुलगा डोंग्यात बसला. भाऊने वळून पाहिलं तेव्हा मागचं पाणी लख्ख मोकळं झालं होतं आणि डोंग्यात वेलांचा ढीग लागला होता.

"अरे बाप्पा! पीक कायले उपटून राहिला हा पोट्टा?"

नुकसानभरपाई यांनी दिली. पुतण्याला उरलेला वेळ डोंग्याच्या मधोमध, हात मांडीवर ठेवून, बसवण्यात आलं.

डोंगा बायकापोरांसाठी, असं यांचं मत पडलं. "गुडघाभर तं पाणी आहे." पाणी गुडघाभर होतं हे खरं. त्याखाली गाळही गुडघाभर होता आणि गाळात गेल्या सालच्या शिंगाड्यांची शिंगं शाबूत होती. पहिल्या पावलाला आरोळी आली. दुसऱ्या पावलाला पाय वर आला, सँडल आली नाही. मग हे एका पायावर उभे राहिले. शेजारी बगळाही तसाच उभा होता, त्याला मात्र ते जमत होतं.

नणंदेचे यजमान डॉक्टर. ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हलले नाहीत. आम्ही सगळ्यांनी दातांनी साल काढून कच्चे शिंगाडे यथेच्छ खाल्ले. गोड, पाणीदार, कुरकुरीत. असा शिंगाडा हातगाडीवर मिळत नाही, हे मी पोतं सोलूनही मान्य करते. शेवटचा घास गिळून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, की पाण्यातल्या अशा फळांच्या सालीवर आतड्यातल्या कृमींच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात, म्हणून ती दातांनी कधी सोलू नयेत.

"मग आधी काऊन नाही सांगितलं?" नणंदबाई.

"कोणी विचारलं नाही."

तेवढ्यात त्यांच्याच घोट्याला एक जळू चिकटलेली दिसली. पाळीवर कशी पोचली देव जाणे. जळवेच्या लाळेत हिरुडिन असतं, त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही, घाबरण्यासारखं काही नसतं, हे मग ते बराच वेळ डोळे मिटून स्वतःलाच समजावत होते.

पोतं किती रुपयांना पडलं ते विचारू नका. त्यात सँडल धरलेली नाही.

घरी येऊन पोतं स्वयंपाकघरात टेकलं आणि पुरुषमंडळी कर्तव्यातून मोकळी झाली. सासूबाई, नणंदबाई आणि मी सुऱ्या घेऊन बसलो. आधी दोन्हीकडची शिंगं उडवायची, मग पोटावर चीर द्यायची, मग साल ओढायची. ती मध्येच तुटते. चीक लागून बोटं काळी पडतात आणि काळीच राहतात. थोडे कुकरला लावले, तर तेही काळे होऊन बाहेर आले. रात्रीचे अकरा वाजले तरी पोतं कमी व्हायचं नाव घेईना. तेव्हा मला फ्लोरिडाच्या सरकारबद्दल आदर वाटला. अख्खे असतील तर दोन गॅलन, सोललेलं असेल तर एक पिंट! हा नियम लिहिणारं माणूस, बहुधा बाईच, कधीतरी स्वतः सोलायला बसलेलं असणार.

पुतण्या फोन घेऊन आला. "काकू, जरा हसा ना."

मी वर पाहिलं. माझ्या हातात सुरी होती. तो फोटो न काढताच गेला.

राहिलेले शिंगाडे गच्चीवर वाळवले, दळून आणले. पाणी उडाल्यावर पोत्याचा एक डबा झाला. एकादशीला सासूबाईंना त्याचा शिरा दिला. "छान झालाय गं," त्या म्हणाल्या. "दुकानातलं पीठ जरा बारीक असते नाही?"

परवा डोंगेवाल्या भाऊचा फोन आला. साहेबांची सँडल गाळात सापडली होती.

"ठेवून द्या, येतोच आम्ही," हे खुर्चीत ताठ झाले. "अन् भाऊ, दुसरा तोडा निघाला असंल नं?"

त्या सँडलेची जोडीदार मी संध्याकाळच्या आत भंगारवाल्याला देऊन टाकली.