कुठलाही एक पत्ता काढा

जादू शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या माणसाला घरदार नसतं, असं माझं ठाम मत झालं आहे. काळा शर्ट, कोरलेली दाढी, समोर हिरवं मखमली कापड आणि पलीकडे बसलेली एक मुलगी. तो म्हणतो, 'कुठलाही एक पत्ता काढ.' ती काढते. तो म्हणतो, 'मला दाखवू नकोस.' ती दाखवत नाही. 'आता परत आत ठेव.' ती ठेवते. शेवटी तोच पत्ता तिच्या मोबाइलच्या कव्हरमागून निघतो आणि ती दोन्ही हात तोंडावर नेऊन किंचाळते. एवढ्या वेळात तिला कुणाची हाक येत नाही, कुकरची शिट्टी होत नाही, 'थांब, आधी मी पिसते' असंही ती म्हणत नाही. अशी माणसं सांगलीत राहत नाहीत. निदान विश्रामबागेत, आमच्या घरात तरी नाहीत.

आमच्याकडे 'कुठलाही एक पत्ता काढा' याला पहिलं उत्तर येतं, 'कशाला?' बायको म्हणते, 'हात पिठाचे आहेत, तुम्हीच काढा आणि सांगा काय निघालं ते.' मुलगी म्हणते, 'तू पुढं करतोयस तो नाही. मी सगळ्यात खालचा घेणार.' शेजारचे काका खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, 'पैसे लावून आहे का?' नाही म्हटलं की उठून जातात.

हे खूळ कसं लागलं ते सांगण्यात अर्थ नाही. पाठदुखीचे व्यायाम बघायला मोबाइल उघडला होता. पाठ अजून दुखते.

आमच्या लहानपणी जादू म्हणजे पी. सी. सरकार, जादूगार रघुवीर. नाट्यगृह, झगमगता कोट, धूर, आणि जादूगार पार लांब रंगमंचावर. तिकीट काढून आलेला माणूस चकित व्हायची तयारी घरूनच करून येतो, कारण चकित नाही झालं तर पैसे वाया. 'क्लोज-अप' जादूत यातलं काहीच नाही. प्रेक्षक हातभर अंतरावर, फुकटातला आणि वर ओळखीचा. त्यातून गाव सांगली. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला खेळ याच गावात राजांपुढे केला. तेव्हापासून इथला प्रत्येक माणूस समोर काहीही घडलं तरी मान तिरकी करून 'शेवट जरा पडला' म्हणायला मोकळा.

खरं तर वस्तू गायब करणं या भागाला नवं नाही. इथून जवळच हरिपुरात जमिनीखाली पेवं होती. हळद त्यात उतरवायची, तोंड बंद करायचं आणि भाव चढला की उघडायचं. गणपती मंदिरातला चोर गणपती तर चतुर्थीच्या आधीच गुपचूप येऊन बसतो. एवढी परंपरा पाठीशी असताना दहा रुपयांचं एक नाणं माझ्या मुठीतून गायब व्हायला काय हरकत होती?

होती. त्या हरकतीला आम्ही घरात नाना म्हणतो. नाना म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य हळदीच्या दलालीत गेलं. त्यांच्या उमेदीत भाव रुमालाखाली ठरायचे. दोघांनी एकमेकांचे हात कापडाखाली घ्यायचे, कुणी किती बोटं धरली आणि कुठलं दाबलं यावर भाव ठरायचा, आणि भोवती उभ्या माणसांना त्याचा वासही नाही. ज्या माणसानं हयातभर समोरच्याची बोटं वाचली, त्याच्यासमोर मी फ्रेंच ड्रॉप करायला बसलो.

फ्रेंच ड्रॉप ही नाण्यांच्या जादूतली बाराखडी. डाव्या हाताच्या चिमटीत नाणं कडेनं धरायचं. उजवा हात ते घ्यायला येतो. उजवी बोटं नाण्याच्या पुढं आली की त्यांच्या आडोशानं डावी चिमटी सैल करायची. नाणं डाव्याच हातात पडतं आणि उजवी मूठ रिकामीच मिटून दिमाखात पुढं निघते. सगळी गोम नजरेत आहे. जादूगारानं स्वतः उजव्या मुठीकडं बघायचं, म्हणजे प्रेक्षकही तिकडंच बघतो. पण त्यासाठी प्रेक्षकानं आधी जादूगाराच्या डोळ्यांकडं बघायला हवं ना! आमच्या घरात माझ्या तोंडाकडं कुणी बघितलंच, तर ते आमटीत मीठ पडलंय की नाही हे ताडण्यापुरतं.

'डाव्या हातात आहे,' नाना म्हणाले. नाणं अजून पुरतं पडलंही नव्हतं.

'तुम्हाला कसं कळलं?'

'जावईबापू, करंगळी लाजली तुमची.'

व्हिडिओवाल्याच्या व्हिडिओत करंगळीचा विषयच नाही. त्याचा सगळा भर 'अगदी नैसर्गिक हालचाल करा' यावर. नैसर्गिक म्हणजे काय, तर जे तो गेली कित्येक वर्षं रोज करत आलाय ते. शिवाय तो आपल्याकडं तोंड करून बसतो, त्यामुळं त्याचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो. दुसरा एकजण कॅमेरा खांद्यावरून लावतो, म्हणजे तिथं डावा तो डावाच. मी दोघांकडूनही मन लावून शिकलो. आता माझी अर्धी विद्या डावरी आहे आणि अर्धी उजवी, आणि ऐनवेळी दोन्ही हात नाणं देण्यासाठी एकमेकांपुढं येऊन थांबतात. तिसऱ्याचा व्हिडिओ ऐन रंगात आला की तो हसून सांगतो, खरी मेख पैसे भरून घ्यायच्या कोर्समध्ये आहे. ही जादू मात्र तो फार सफाईनं करतो.

सामानाचंही तेच. ही मंडळी अमेरिकेचा अर्धा डॉलर वापरतात. त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर. आपलं दहाचं नाणं 27 मिलिमीटर. फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण पामिंग करताना नाणं तळहातात, अंगठ्याखालचा उंचवटा आणि समोरची बाजू यांच्यामध्ये नुसतं दाबून धरायचं असतं आणि बोटं निवांत सोडायची असतात. तिथं एवढासा फरकही जिवावर येतो. नाणं सुटू नये म्हणून अंगठा बाहेर ताठ उभा राहतो. मी तसाच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर बायकोनं विचारलं, 'कुणाला लिफ्ट मागताय?'

पत्त्यांची तर कथाच निराळी. तिकडच्या चांगल्या पत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात. त्यामुळं दोन पत्त्यांमध्ये हवेचा थर राहतो, पत्ते अलगद सरकतात आणि पंखा सुरेख उलगडतो. आपल्या स्टेशनरीच्या दुकानातला कॅट जन्माला आला तोच मेंढीकोटासाठी. नवा असतो तेव्हा इतका गुळगुळीत, की पंखा थेट फरशीवर उलगडतो. पावसाळा लागला की पत्ते एकमेकांना सोडायला तयार नसतात. 'डबल लिफ्ट' म्हणून एक प्रकार आहे. वरचे दोन पत्ते एकच असल्यागत उचलून दाखवायचे. त्यासाठी म्हणे लोक वर्षानुवर्षं घासतात. मला तो आषाढात आपोआप यायला लागला. अडचण एवढीच, की एक उचलायचा असतो तेव्हाही दोन येतात, कधी तीन.

त्यात मी हिशेब लिहितो तो हळदीच्या अडत दुकानात. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण ती हळद साबणानं जात नाही. बघता बघता कॅटाच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचे पिवळे ठसे उमटले. ज्या पत्त्यावर सराव जास्त, त्यावर ठसे जास्त. बदाम राणीला तर पुरती हळद लागली. मग घरात जादू मीच एकटा करत नव्हतो. मी पत्ता काढायचा आणि मुलीनं लांबूनच सांगायचं, 'बदाम राणी. चौकट सत्ती. हा नवीन दिसतोय, हा माहीत नाही.'

याच मुलीनं पुढचा वार केला. 'पप्पा, ते नाण्याचं परत कर बघू,' म्हणून मोबाइल समोर धरला. मला वाटलं, चला, घरात कुणाला तरी कौतुक आहे. तिनं तो व्हिडिओ पाव वेगानं लावून सगळ्यांना दाखवला. त्या वेगात माझी चिमटी सैल होते, नाणं सावकाश गडगडत खाली येतं आणि मी विरुद्ध दिशेला अत्यंत गंभीर चेहऱ्यानं बघत असतो. मी स्वतः ही विद्या शिकलो ती दुसऱ्यांचे व्हिडिओ पाव वेगानं बघूनच, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. संध्याकाळी तो व्हिडिओ सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. मेहुण्यानं नाण्याभोवती लाल गोल काढून परत पाठवला.

दुकानात करून बघावं, तर तिथं आणखी एक संकट. क्लोज-अपवाले 'अँगल'ला फार जपतात. प्रेक्षक समोरच हवा, बाजूनं नको, पाठीमागून तर नकोच. यार्डात चहा आला की माणसं समोर बसत नाहीत, पोत्यांवर चढून बसतात. हमाल पाठीमागं उभे, एक पोऱ्या माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून. अशा वेळी बाजारात मांडी ठोकून बसणारे ते जादूवाले आठवतात. चहूबाजूंनी कोंडाळं, पोरं अंगावर रेललेली, टेबल नाही, मखमल नाही. तरी त्या तीन वाट्यांखालच्या गोळ्या कुठून कुठं जायच्या ते शेवटपर्यंत कळायचं नाही. आणि आपण काय करायचो? त्यानं पैशासाठी वाटी पुढं केली की पांगायचो. आज त्या काळ्या शर्टवाल्याला चार बाजूंनी असं बसवून दाखवा. माझे पैसे जादूवाल्यावर.

डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराची गोष्ट या व्हिडिओंमध्ये हमखास येते. हुडिनीची फुशारकी अशी, की एकच जादू लागोपाठ तीनदा दाखवा, गुपित सांगितलं नाही तर बघा. 1922 साली शिकागोत व्हर्नननं त्याला गाठलं. हुडिनीनं आद्याक्षरं लिहिलेला पत्ता व्हर्नन कॅटात वरच्या पत्त्याखाली घालायचा आणि तो सगळ्यात वर निघायचा. पुन्हा घातला, पुन्हा वर. तीनदा झालं, त्याच्याही पुढं गेलं, हुडिनीला पत्ता लागला नाही. ही गोष्ट मी नानांना भरपूर तिखटमीठ लावून सांगितली.

'हा हुडिनी धंदा काय करायचा?'

'साखळदंडातून सुटायचा.'

'मग बरोबर. हळदीत असता तर फसला नसता.'

पण शेवटी माझी दया आली ती नानांनाच. एका रविवारी त्यांनी मला झोपाळ्यावर शेजारी बसवलं, खांद्यावरचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली माझी दोन बोटं धरली. 'आता समजा, मी तुम्हाला पाडून मागतोय. तुम्हाला परवडत नाही. मला ते कळू द्यायचं नाही.' त्यांनी तिसरं बोट दाबलं. मी काहीही केलं नाही.

'कळलं,' नाना म्हणाले.

'मी हललोसुद्धा नाही!'

'हात नाही हो, तोंड. हात कापडाखाली असतानाही माणसं सौदा हरायची, ती कशानं? तुमचा हात चोरी करतो आणि तोंड त्याच्याआधी पोलिसात जातं.' मग त्यांनी त्यांचा उपाय सांगितला. ऐन बोट दाबायच्या वेळेला समोरच्याला काहीतरी विचारायचं. असं, की त्याला आठवावं लागेल. थोरला काय करतो, विहिरीला पाणी किती आहे. माणूस आठवायला लागला की त्याचे डोळे उघडे असून उपयोगाचे राहत नाहीत. काळा शर्टवालाही हेच सांगत होता बहुतेक, पण त्याच्या इंग्रजीत विहीर नव्हती.

सराव झाला आणि संधी दारात आली. पाऊस लागून राहिला होता. भाजीवाल्या मावशी डोक्यावर प्लॅस्टिकचा घोंगता घेऊन मेथी द्यायला आल्या. जुडी दहाला. मी नाणं डाव्या चिमटीत धरलं, उजवा हात पुढं नेला, आणि सांगलीकराला पावसाळ्यात विचारावा असा एकच प्रश्न विचारला.

'मावशी, आयर्विनला पाणी किती झालं?'

इथं लहान पोरालाही ठाऊक असतं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका. मावशींची मान आपसूक नदीकडं वळली, नदी तिथून दिसत नसताना. 'सकाळच्याला छत्तीस म्हणत व्हते बगा. कोयनेचं सोडलं म्हंजे मग...' नाणं डाव्या हातात पडलं. करंगळीही लाजली नाही. मी उजवी मूठ त्यांच्या तळहातावर नेली, फुंकर मारली आणि उघडली.

मावशींनी माझ्या मुठीकडं बघितलं. आपल्या तळहाताकडं बघितलं. पाटी उचलून खाली बघितलं. नाणं खरोखरच नव्हतं! या विद्येत आलेलं माझं पहिलं निर्भेळ यश मी डोळे भरून बघत उभा होतो, तेवढ्यात त्या माझ्या खांद्यावरून घरात ओरडल्या, 'ओ ताई! सायबांनी माझं धा रुपय खाल्लं बगा!'

गुपित कधीही फोडायचं नाही, हा जादूगारांचा पहिला नियम. मी डावा हात निवांत लोंबता ठेवून गप्प राहिलो. बायको बाहेर आली, माझ्याकडं एकदा बघितलं, फ्रिजवरच्या डब्यातून दहाची नोट काढून मावशींना दिली आणि म्हणाली, 'उद्यापासून पैसे माझ्याकडनं घेत जा.' मावशींनी नोट उजेडाला धरून पाहिली, मगच कनवटीला लावली.

आतून झोपाळ्याची कुरकुर थांबली.

'जावईबापू,' नानांनी विचारलं, 'मेथी आली?'

'आली.'

'दहा तुमच्याकडंच?'

'माझ्याकडंच.'

'बसला सौदा,' नाना म्हणाले.