आयर्लंड आणि गच्चीवरचा टॉवर

टॅरिफचा विषय निघाला आणि बंड्या थेट आयर्लंडला पोचला. "साडेबारा टक्के! २००३ पासून कंपनी कर फक्त साडेबारा टक्के! नाटोत नाही, कुणाच्या भांडणात नाही. २०१५ ला जीडीपीत एका वर्षात २६ टक्के वाढ!" बोलताना सभेत असल्यासारखे दोन्ही हात वर.

"त्या वर्षी आयरिश गाईंनी २६ टक्के जास्त दूध दिलं का रे?" संध्या म्हणाली. ती सीए, आकड्यांत तिला कोणी गंडवू शकत नाही. "बड्या अमेरिकी कंपन्यांनी पेटंटं कागदोपत्री तिकडे हलवली. माल चीनमध्ये बनतो, विकला जातो जर्मनीत, नफा आयर्लंडच्या वहीत. शेवटी २०१७ ला त्यांच्याच सांख्यिकी खात्याने देशाच्या उत्पन्नाचा वेगळा आकडा काढला. पेटंटांचा आणि भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा वजा करून."

"पण कंपनी कर मिळतो ना!"

"मिळतो. निम्म्याहून जास्त दहाच कंपन्यांकडून. त्यातल्या दोघींनी पेटंटं परत नेली तर दवाखान्यांचे पगार कशातून करणार? अ‍ॅपलचंच बघ. एका उपकंपनीने २०१४ ला दहा लाख युरो नफ्यामागे पन्नास युरो कर भरला, असं युरोपियन कमिशनने काढलं. म्हणाले, १३ अब्ज वसूल करा. तर आयर्लंडच कोर्टात गेलं, आम्हाला नकोत म्हणून! ज्याला पैसे मिळायचे तोच बुडवणाऱ्याचा वकील. सप्टेंबर २०२४ ला हरले, तेव्हा पैसे घेतले."

"आणि वीज?" अप्पांनी बिडी विझवली. "२०२३ ला मीटरवरची २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी खाल्ली. शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून १८."

"तटस्थ तरी आहेत," बंड्याचा आवाज उतरला होता.

"इराक युद्धात अमेरिकी सैनिक आयर्लंडच्याच शॅनन विमानतळावरून जात होते," संध्या म्हणाली. "ज्याच्यावर घर चालतं त्याला नाही कसं म्हणणार?"

मला संध्याचं शंभर टक्के पटतं. तिथल्या लोकांनाही कळतंय. २०२४ पासून जीडीपीच्या ०.८ टक्के दरवर्षी वेगळ्या फंडात टाकतायत, २०३५ पर्यंत टाकायचे ठरलेत. हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

"बंड्या," अप्पा म्हणाले, "तू सेक्रेटरी असताना गच्चीवर मोबाइल टॉवर घेतलास, मेंटेनन्स निम्मा केलास. टॉवर गेला त्या महिन्यात लिफ्ट बंद. आणि जिथे पाया होता तिथून माझ्या बेडरूममध्ये पाणी गळतंय, अजून!"

"नव्या कंपनीशी बोलणी चालू आहेत, अप्पा."

"भाडं किती?"

बंड्या ग्लासात बघत राहिला. "पहिली दोन वर्षं माफ."

संध्याला चहाचा ठसका लागला. टपरीवालाही हसत होता.