मला गाडी लागते

मराठीत 'गाडी लागली' याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे एसटी फलाटावर येऊन उभी राहिली, आणि दुसरा म्हणजे त्या एसटीतल्या माणसाने घाईघाईने खिडकीची काच सरकवली. माझ्या बाबतीत पहिल्या अर्थाने गाडी लागली की तासाभरात दुसऱ्या अर्थाने लागायचीच. लहानपणी कराड स्टँडवर "चिपळूण लागली रे" असं कुणी ओरडलं की बाकीची पोरं खिडकीसाठी पळायची आणि माझ्या तोंडाला तिथेच पाणी सुटायचं, म्हणजे ते वाईट वालं पाणी. मामाच्या गावी जायचा आनंद वगैरे सगळा कुंभार्ली घाटाच्या पलीकडे. कराडपासून कोयनानगरपर्यंत कोयना नदी रस्त्याच्या बाजूने असते म्हणे. असेल, मी कुठे पाहिलीय.

वय वाढलं की जातं हे, असं सगळे म्हणायचे. मी आता ४६ वर्षांचा आहे, ८६ किलो वजन आहे, ऑफिसात माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. गेलेलं नाही.

तर झालं असं की सासऱ्यांना पितृपक्षात बद्रीनाथला ब्रह्मकपाळावर पिंडदान करायचं होतं. पुण्याचं काम, नाही कसं म्हणणार. मेव्हण्याने बारा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर बुक केली, आम्ही अकरा जण आणि बाराव्या सीटवर खाऊच्या पिशव्या. ऋषिकेशहून बद्रीनाथ तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि अख्खा रस्ता डोंगर कापून काढलेला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, आधी गंगा आणि मग अलकनंदा. मेव्हणा दोन महिने व्हॉट्सअॅपवर त्या रस्त्याचे व्हिडिओ टाकत होता आणि खाली लिहायचा 'दाजी, स्वर्ग!' मी ते व्हिडिओ सोफ्यावर बसून बघतानासुद्धा दोनदा फोन बाजूला ठेवला होता.

पहाटे पाचला ऋषिकेशहून निघताना म्हटलं ड्रायव्हरला आधीच कल्पना देऊन ठेवावी. हा गढवालचाच पोरगा, असेल पंचवीस-सव्वीसचा. मी माझ्या शुद्ध कराडी हिंदीत म्हणालो, "भैया, मुझे गाड़ी लगती है।" तो एकदम गंभीर झाला, गाडीभोवती चक्कर मारून आला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कहाँ लगी सर? किसने मारी?" मग बायकोने तोंडासमोर पंजा उघडून अॅक्शन करून दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "अरे सर, टेंशन मत लो, अब तो रोड एकदम मक्खन है।"

रस्ता लोण्यासारखा आहे हे खरंय, ऑल वेदर रोडच्या कामात बराच रुंद केलाय. पण लोणी सरळ असेल असं तो कुठे म्हणाला होता?

सगळं सीटवरून बिघडलं. माझ्यासारख्याला पुढची सीट लागते हे जगजाहीर आहे, पण पुढे सासरे बसले होते, एक तर गुडघे आणि दुसरं म्हणजे ड्रायव्हरशी गप्पा. आता जावयाने सासऱ्याला ऊठ कसं म्हणायचं? मी मागून दुसऱ्या रांगेत बसलो आणि शिवपुरीला, म्हणजे ऋषिकेश सोडून जेमतेम १६ किलोमीटरवर, पहिला कार्यक्रम झाला. सासुरवाडीच्या नऊ माणसांसमोर. ज्या जावयाला दिवाळीला पाटावर बसवून ओवाळतात तो जावई मेथीच्या पिशवीत तोंड घालून बसलाय, हे दृश्य त्या घरात आता तीन पिढ्या सांगितलं जाणार.

आणि मेथीची म्हणजे खरोखर मेथीची पिशवी, कारण तिला खाली बारीक भोकं होती. भाजीच्या पिशवीला असतात ना, हवा लागायला, तसली. यावर मी यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही. मेव्हण्याचे बूट नवीन होते एवढंच सांगतो.

त्यानंतर उपचार सुरू झाले. आपल्याकडे गाडी लागणाऱ्या माणसाच्या शरीरावर सगळ्यांचा हक्क असतो. बायकोने ओवा दिला, तिच्या मावशीने आवळा सुपारी, कुणी लवंग, कुणी आल्याची वडी, कुणीतरी मागून हात घालून लिंबू थेट नाकाला लावलं आणि तेवढ्यात वळण आल्यामुळे ते डोळ्यात गेलं. मग सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जरा उठा." उठलो. त्यांनी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. "बसा आता. पेपरवर बसलं की गाडी लागत नाही." यामागे काय शास्त्र आहे ते देवाला ठाऊक, पण अख्ख्या महाराष्ट्रात हा उपाय करतात, आणि माझी आईसुद्धा कराड स्टँडवर चार आण्याची रद्दी खास यासाठी घ्यायची. बसलो. गाडीत उकडत होतं, मी घामाने भिजलेलो, पॅन्ट क्रीम कलरची. तीन धाराला चहाला उतरलो तेव्हा माझ्या मागे छोट्या जाहिरातींचा अख्खा कॉलम छापला गेला होता. मेव्हण्याची पोरगी वाचायला लागली तर तिला जमेना, कारण अक्षरं उलटी होती. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "बघा, उलटी पेपरने ओढून घेतली."

तीन धाराला ओळीने ढाबे आहेत. सगळ्यांनी आलू पराठे हाणले, वर लोण्याचा गोळा, बाजूला दही. सासूबाई वय वर्षं ७२, दोन पराठे आणि वर घरून आणलेली चकली. मी रस्त्याच्या कठड्यावर बसून चुरमुऱ्याचे दाणे मोजत होतो.

तिथे त्या पोरीने, ती इंजिनिअरिंगला आहे, मला समजावलं की काका हे पोटाचं नसतंच मुळी, कानाचं असतं. आतला कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे गाडीच्या आतलं बघून सांगतात की आपण तर बसलोय, मग मेंदूचा गोंधळ होतो. ड्रायव्हरला होत नाही कारण वळण यायच्या आधीच त्याला माहीत असतं. मी लगेच म्हणालो मग मी चालवतो. यावर दहाच्या दहा माणसं एका सुरात 'नको' म्हणाली, पहाटेपासून एवढी एकी पहिल्यांदाच दिसली. मग ती म्हणाली, "काका, क्षितिजाकडे बघत राहा, क्षितिज हलत नाही."

आता मला सांगा, त्या दरीत क्षितिज कुठून आणायचं? डावीकडे दोन हातांवर कडा, उजवीकडे खोल खड्डा, समोर ट्रकचं ढुंगण आणि वर चार बोटं आभाळ. क्षितिज पाहिजे तर गुहागरला जावं. हिमालयात सगळं मिळतं, मोक्षसुद्धा मिळतो म्हणतात, क्षितिज तेवढं मिळत नाही.

देवप्रयागला मात्र मी उतरलो. म्हणजे उतरवला गेलो. खाली संगम दिसत होता, एका बाजूने भागीरथी हिरवट आणि दुसऱ्या बाजूने अलकनंदा मातकट, दोन्ही पाणी थोडा वेळ एकमेकांना न विचारता शेजारी शेजारी चालतात आणि मग मिसळतात, आणि तिथून पुढे तिला गंगा म्हणायचं. सासरे सांगत होते की भागीरथीवर वरती टिहरीचं धरण आहे, २६० मीटर उंच, तिचा गाळ तिकडेच बसतो म्हणून पाणी नितळ. मी मान डोलावली, तर तेवढ्या डोलण्यानेसुद्धा परत ढवळलं. पण पाहिला हं मी तो संगम. स्वतःच्या डोळ्यांनी, उभं राहून, हातात पिशवी नसताना. पंचप्रयागातला हा एक माझ्या नावावर धरा.

मग तिथल्या मेडिकलवाल्याने उलटीची गोळी दिली. ही गोळी प्रवासाआधी घ्यायची असते, पण आपल्याकडे पाऊस पडून गेल्यावर छत्री शोधायची पद्धत आहे. गोळीने उलटी थांबली, आणि मीही थांबलो. देवप्रयाग ते रुद्रप्रयाग हे ७० किलोमीटर मी तोंड उघडं टाकून झोपलो होतो. मधे श्रीनगर गेलं (काश्मीरचं नाही, हे मावशीला तीनदा समजवावं लागलं म्हणे), नदीच्या मधोमध खांबांवर उभं असलेलं धारीदेवीचं मंदिर गेलं, सगळ्यांनी हात जोडले, माझे हात बायकोने धरून जोडले असं नंतर कळलं. त्याचा फोटो आहे. ग्रुपचा डीपी अजून तोच आहे.

मुक्काम रुद्रप्रयागला. रात्री जेवताना ड्रायव्हरने तिथल्या नरभक्षक बिबट्याची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी त्याने आठ वर्षं हा यात्रेचा रस्ता धाकात ठेवला होता, सरकारी हिशोबाने १२५ माणसं मारली, आणि शेवटी १९२६ मध्ये जिम कॉर्बेटने त्याला गुलाबरायजवळ टिपला. तेव्हा यात्रेकरू ऋषिकेशपासून चालत यायचे. सगळे अंगावर शहारे आणून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की तेव्हाच्या माणसाला बिबट्या लागायचा पण गाडी तर लागायची नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला निवड दिली असती तर मी दहा मिनिटं विचार केला असता.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःहून पुढची सीट सोडली. कौतुकाने नाही, मेव्हण्याच्या बुटांमुळे. पुढे बसल्यावर गौचरपर्यंत बरं चाललं होतं. तिथे जरा सपाटी आहे, विमानाची धावपट्टीसुद्धा आहे, रस्ता थोडा वेळ माणसासारखा वागतो. ड्रायव्हर हाताने दाखवून सांगत होता, ते बघा बोगद्याचं काम, ऋषिकेश ते कर्णप्रयाग रेल्वे होतेय, सव्वाशे किलोमीटर, त्यातले शंभराच्या वर बोगद्यातच. मागून सगळे हळहळले, अरेरे, मग काय दिसणार नदी. मी विचारलं, बुकिंग कधी सुरू होतंय?

कर्णप्रयागला पिंडर नदी मिळते. ती मी एका डोळ्याने पाहिली, दुसरा मिटलेला होता, म्हणून तो अर्धा धरा. नंदप्रयागची काही माहिती माझ्याकडे नाही. त्या वेळी मी पिशवीचं अंतरंग बघत होतो.

आणि मग चमोली सोडल्यावर, पिपळकोटीच्या अलीकडे, गाड्यांची ही मोठी लाईन. पुढे मलबा आलाय, डोंगराचा एक तुकडा रस्त्यावर बसलाय, जेसीबी लावलाय. किती वेळ? ड्रायव्हर म्हणाला, "बस सर, दस मिनट।" म्हणजे दोन-अडीच तास.

गाडीत हाहाकार. सासरे पंचांग काढून तिथी बघायला लागले, मेव्हणा रेंज शोधत कड्याच्या टोकावर गेला, मावशी म्हणाल्या माझी शुगर. आणि मी? मी दार उघडून खाली उतरलो आणि दोन दिवसांत पहिल्यांदा जमीन जिथल्या तिथे होती. इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बघून हसलो, तो कावलेला होता, त्याला वाटलं मी वेडा आहे.

कठड्याला टेकून खाली बघितलं. अलकनंदा. राखाडी-मातकट पाणी, घराएवढाले धोंडे आणि त्यांच्यावरून उसळी मारत चाललेली, आणि आवाज, एवढ्या उंचावरसुद्धा सारखा भरून राहिलेला आवाज जो मला इंजिनामुळे दोन दिवस ऐकूच आला नव्हता. पलीकडच्या डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, त्यातलं एक लालभडक, चौलाई म्हणे, म्हणजे आपला राजगिरा. एवढा उपवासाला चेपतो मी राजगिऱ्याचा लाडू, तो शेतात असा दिसतो हे मला माहीतच नव्हतं.

जवळच एक आजी टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. पहाडी काकडी, आपल्या दुधीएवढी जाड. तिने ती उभी चिरली आणि आत हिरवं मीठ भरलं, मिरची-लसूण पाट्यावर वाटून केलेलं, वास घेतल्याबरोबर कान उघडले. एक खाल्ली. थांबलो. पोटाने काही हरकत घेतली नाही. दुसरी खाल्ली. आजी बघत होती, तिने तिसरी न विचारताच चिरायला घेतली. बायको म्हणाली, "अहो, बेताने." पण दोन दिवसांच्या चुरमुऱ्यांनंतर बेत वगैरे कुणाला सुचतो, आणि शिवाय पुढे रस्ता बंद होता, डोंगर अजून थोडे थोडे दगड खाली सोडत होता, म्हटलं आज काही हा सुटत नाही. मी मनातल्या मनात त्या आजीच्या शेजारी एक खोली भाड्याने घेतली, चौलाईचं शेत लावलं, आणि बद्रीनाथाला इथूनच नमस्कार केला.

चौथी काकडी हातात होती तेव्हा जेसीबीचा हॉर्न वाजला. पुढून लाटेसारखा आवाज आला, "खुल गया! खुल गया!" लोक पळत गाड्यांकडे सुटले, कुणीतरी "जय बद्रीविशाल!" ओरडलं, सासऱ्यांनी पंचांग मिटलं, ड्रायव्हरने स्टार्टर मारला आणि मला म्हणाला, "आओ सर, अब तो चढ़ाई है, बस थोड़े मोड़ हैं।"

मी गाडीकडे वळलो. सासूबाई आधीच माझ्या सीटवर नवीन पेपर अंथरून खाली उभ्या होत्या. त्यांनी एक पिशवी काढली, तोंडाशी धरून फुगवली, उजेडाकडे करून चारही बाजूंनी फिरवून नीट बघितली, गालाजवळ नेऊन कुठून वारा निघतोय का तेही तपासलं, आणि माझ्या हातात दिली.

"हिला भोक नाही. बसा, जावईबापू."