अत्तरवाल्याचं नाव काय होतं?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डी अँड डी) पात्रं होऊन खेळायच्या खेळातलं कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी गोष्ट, सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, या माझ्या लेखावर पुण्याच्या एका वाचकमित्रांची लांबलचक आणि चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. लेखात मी म्हटलं होतं की साध्या मजकुराच्या फाइली आणि त्यात पटकन शोधता येणं, एवढ्यावर बहुतेक डीएमचं (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) भागतं. त्यांचं म्हणणं असं: फाउंड्री या ऑनलाइन खेळायच्या सॉफ्टवेअरच्या खर्चाचा हिशोब चुकला आहे, हा सल्ला एका खोलीत बसून खेळणाऱ्यांपुरताच आहे, लॅपटॉपवरच्या फाइली कधीही जाऊ शकतात, खेळातल्या जगाच्या कॅलेंडरचा तर उल्लेखही नाही, आणि एकंदर लेखाला 'वहीवाल्या आजोबांचा' वास येतो.

नमस्कार. आजोबांचं वय 41 आहे, ते असो.

आधी चूक कबूल करतो. सहा जण खेळणार म्हणजे सहा लायसन्सं, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. फाउंड्रीचं लायसन्स खेळ चालवणाऱ्या एकानेच, एकदाच घ्यायचं. बाकीचे ब्राउझरमधून येऊन बसतात. फँटसी ग्राउंड्स या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये एके काळी प्रत्येक खेळाडूलाही लायसन्स लागायचं, नाहीतर डीएमने सगळ्यात महागडं घ्यायचं. तोच जुना हिशोब माझ्या डोक्यात बसला होता. लेख दुरुस्त केला आहे.

आता तुमचं टेबल. नऊ माणसं, चार शहरं, त्यातलं एक कॅनडात. तुम्हाला नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या) आणि फासे सगळ्यांना एकाच वेळी दिसायलाच हवेत. रोल20 ही साइट हे काम 2012 पासून करतेय, आणि तिच्याशी माझं भांडण नव्हतंच. पण टेबल वेगळं आणि दप्तर वेगळं. फाउंड्री, रोल20 अशी व्हर्च्युअल टेबलटॉपं हे टेबल झालं. मी लिहीत होतो ते दप्तराबद्दल, म्हणजे नोंदींबद्दल. तुम्ही पहिल्याची बाजू घेऊन दुसऱ्यावर माझ्याशी भांडताय, असं मला वाचताना वाटत राहिलं.

टेबलावर घडलेलं दहा सेकंदांत टिपता आलं पाहिजे, ही माझी 'दहा सेकंदांची कसोटी' तुम्हाला पोरकट वाटली. ती कुठून आली ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची माडी, पाच जण, मधे शेव-उसळीची रिकामी ताटली आणि त्यात फासे. खेळात माझ्या आत्येभावाचं पात्र, एक चोर, बंदरावर परत आलं होतं. त्याने विचारलं, "आपण ज्याला खोटी हुंडी दिली होती, त्या अत्तरवाल्याचं नाव काय रे?" हा अत्तरवाला मी चार महिन्यांपूर्वी तिथल्या तिथे जन्माला घातला होता, कारण कुणीतरी विचारलं होतं की या गल्लीत दुकानं कसली आहेत. माझ्याकडे तेव्हा राजघराण्याच्या तीन पिढ्या तयार होत्या, अकरा देवता होत्या, मिठावरच्या जकातीचं एक अख्खं पान होतं. त्यातलं आजतागायत कुणीही काहीही विचारलेलं नाही. अत्तरवाला मात्र कुठेच नव्हता. मी वेळ मारून न्यायला "इब्राहिम" म्हणालो. आत्येभाऊ म्हणाला, "हॅट, मागे दुसरंच काहीतरी सांगितलं होतंस." तेवढ्यात आमच्यातल्या दंतवैद्य बाईंनी (खेळात त्या आमच्या पुजारीण) आपली कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, उलटी केली आणि मागचं वाचून दाखवलं: "जमनादास. डाव्या डोळ्यात फूल."

माझी तक्रार आहे ती इथे. वर्ल्ड अन्व्हिलसारखी काल्पनिक जग मांडायची सॉफ्टवेअरं माणूस, गाव, धर्म असे साचे पुढे ठेवतात आणि प्रश्न विचारून विचारून तुमच्याकडून भरून घेतात. कादंबरी लिहायची असेल तर फारच छान. पण त्यात भरलं जातं ते डीएमने घरी बसून ठरवलेलं. टेबलावर घडलेलं, म्हणजे खेळाडूंच्या लक्षात राहणारं, लिहून ठेवायला त्या क्षणी हातात दहा सेकंद असतात. त्यात साचा उघडत बसलात तर लढाई थांबते.

हा शहाणपणा माझा नाही, आत्याचा आहे. ती ग्रंथालयात सूचीचं काम करायची. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यातल्या वाचनालयांची घडी बसवली, त्यामुळे बडोद्यात निदान आमच्या घरी तरी जेवताना सूचीकार्डांवर बोलणं निघतं. एका कार्डावर एकच नोंद, खाली भोक, त्यातून सळई, आणि अधूनमधून नुसतंच 'हेही पहा'. मी तिला ऑब्सिडियन हे साध्या फाइलींत नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर दाखवलं: नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिलं की दुवा तयार होतो, आणि जमनादासचं पान उघडलं की तो कुठकुठल्या सेशनमध्ये (खेळाच्या बैठकीत) आला ते खाली दिसतं. ती म्हणाली, "म्हणजे पहा-कार्ड आपोआप होतंय. आमचा अर्धा दिवस त्यातच जायचा."

फाइली जातात, हे मान्य. वहीसुद्धा जाते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या एका गड्याचं घर भिजलं, त्यात आमच्या पहिल्या वर्षाची वही गेली. शाईच्या पेनाने लिहिलेली. उरले ते निळे डाग. तेव्हापासून माझ्या फाइलींची एक प्रत क्लाउडवरच्या ड्राइव्हमध्ये असते. पण योगायोग बघा, त्याच ऑगस्टमध्ये डी अँड डी बियॉन्डने (खेळाडू आपल्या शीट जिथे ठेवतात ती डी अँड डीची अधिकृत साइट) जाहीर केलं होतं की खेळाचे नवे नियम आले की लोकांच्या शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या रूपात बदलल्या जातील. खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. क्लाउडमधल्या वहीवर आपल्याखेरीज आणखी कुणाचं तरी पेन चालतं, एवढंच मला म्हणायचं होतं. प्रत तिथे ठेवा, मूळ आपल्याकडे.

कॅलेंडरच्या बाबतीत मी सपशेल हरलो. डी अँड डीच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच ठणकावलं होतं की काळाची काटेकोर नोंद नसेल तर कॅम्पेनला अर्थ नाही, आणि मी ते म्हातारपणाचं खूळ समजत आलो. मग आमची टोळी फुटली: तिघं जहाजावर, दोघं कोठडीत. सहा सेशननंतर हिशोब जुळवला तेव्हा एक जण अटक होण्याच्या दोन दिवस आधीच सुटला होता. कांका या कॅम्पेनच्या नोंदी ठेवायच्या साइटवर आपले महिने, आपले चंद्र मांडता येतात. साध्या फाइलींत ते मला अजून नीट जमलेलं नाही. तुमची मांडणी कशी आहे ते जरूर लिहा.

आणि एक काम कराल का? तुमच्या नऊ जणांना विचारा, त्यांच्याकडे शीटच्या मागे, फोनच्या नोट्समध्ये काय काय लिहिलेलं आहे. आमच्या दंतवैद्य बाईंच्या शीटमागे जमनादासखेरीज आणखी सतरा नावं निघाली. त्यातली नऊ मी ठेवली होती हे मला आठवतसुद्धा नव्हतं.