आत्याच्या फ्रीजमधल्या दोन मरळी

परवा पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगले आणि संध्याकाळपर्यंत आत्याच्या फ्रीजमध्ये पिशवीभर मासळी. मी ओरडलो, तर तिनं फॉरवर्ड पुढं केला: 'मासे केमिकलने नव्हे, ऑक्सिजन कमी झाल्याने मेले. केमिकल असतं तर एकही वाचला नसता. पाण्याचा पीएच नॉर्मल आहे. हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवा, बिनधास्त खा.'

ऑक्सिजनचं निम्मं खरं, मान्य. साखर कारखान्याची मळी नदीत आली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. पण मळी नदीत आपण होऊन चालत आली का?

'एकही वाचला नसता' वाचून मात्र डोकं फिरलं. विष सगळ्या माशांना सारखं लागत नाही. अमेरिकेत सिएटलच्या आसपास पाऊस पडला की ओढ्यात अंडी घालायला आलेले कोहो सामन तडफडून मरायचे. त्याच पाण्यात चम सामनला काही होत नसे. कोडं सुटलं २०२० च्या डिसेंबरात, 'सायन्स' नियतकालिकात. टायर तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोननं त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं आणि रस्त्यावरून ओढ्यात उतरतं. मारायला ते किती पुरतं, याचा पुढं सुधारून मोजलेला आकडा लिटरमागे ९५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम एक कोटीवा भाग. तेवढ्यात कोहोची निम्मी पिल्लं खलास. वाचलेले मासे दाखवून कुणाला सर्टिफिकेट देताय?

आणि आपल्याकडची मरळ तर तोंड वर काढून हवा घेते. नुसता पाण्यातला ऑक्सिजन संपला तर ती सहसा तगते. आत्याच्या पिशवीत दोन मरळी होत्या!

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली याचं माप? सातचा आठ झाला, तोही 'नॉर्मल'च, की सांडपाण्यातल्या अमोनियाचा माशांना मारणारा भाग जवळपास दहापट होतो. पुढे.

हळद-मीठ हा खरा घातक भाग. जपानमध्ये अगानो नदीचे मासे खाऊन लोकांच्या मज्जासंस्थेची वाट लागली, १९६५ मध्ये ते उघड झालं. कारखान्यातून आलेला मिथाइल पारा माशांच्या मांसातच मुरलेला होता. तो धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. पंचगंगेत पाराच आहे असं मी म्हणत नाही. पण काय आहे हे तपासल्याशिवाय 'बिनधास्त' म्हणणारा हा कोण?

मरळी तिनं माझ्यासमोर खड्ड्यात पुरल्या. कटला मात्र सोडेना. "कल्लं कशी लाल हायती बघ की," म्हणाली.