‘हंगर गेम्स’मधलं रोम कोठारात शोधा

हल्ली जिथे-तिथे एक दावा वाचायला मिळतो: सुझान कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही कादंबरी म्हणजे रोमन ग्लॅडिएटरांची, म्हणजे आखाड्यात झुंजणाऱ्या लढवय्यांची, सरळ नक्कल. जिंकलेल्या मुलखातली पोरं आणायची, एकच उरेपर्यंत झुंजवायची आणि ‘भाकरी आणि खेळ’ देऊन गुलामांना गप्प बसवायचं. रोमचा संबंध खरा आहे, पण बाकी सगळा घोळ.

आधी ‘एकच उरेपर्यंत’. ग्लॅडिएटर पोसायला, शिकवायला पैसा लागायचा. गायस या रोमन कायदेपंडिताने दिलेला करार बघा: भाड्याने दिलेला लढवय्या धडधाकट परत आला तर मालकाला भाडं २० देनारियस (रोमन नाणं), मेला किंवा जायबंदी झाला तर १,०००. पन्नासपट! सिसिलीतल्या फ्लामाच्या थडग्यावर ३४ लढती कोरल्यात: २१ जिंकल्या, ९ बरोबरीत, ४ हरल्या आणि तरी जीवदान मिळालं. माणसं मरत, भरपूर मरत. पण कादंबरीसारखा चोविसांतले तेवीस मारायचा धंदा कुठल्याही रोमन मालकाला परवडला नसता.

पोरांचं म्हणाल तर ती ग्रीक कथा. अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली क्रीटला मिनोटॉर या अर्ध्या बैलाच्या राक्षसाच्या तोंडी जात, ती वीर थिसियसची गोष्ट आपल्या डोक्यात होती, हे कॉलिन्सने स्वतःच सांगितलंय. शिवाय टीव्हीवर चॅनल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्ध. (स्पार्टाकसचंही नाव ती घेते: आधी गुलाम, मग ग्लॅडिएटर, मग बंडखोर.)

आता भाकरी. ‘भाकरी आणि खेळ’ हे शब्द रोमन कवी जुव्हेनालचे, आणि तो चिडला होता तो गुलामांवर नव्हे, रोमच्या नागरिकांवर: एके काळी सेनापती निवडणारे हे लोक आता दोनच गोष्टींसाठी आसुसलेत. फुकट धान्य मिळायचं तेही राजधानीतल्या नागरिकांना, ऑगस्टसच्या काळी सुमारे दोन लाख जणांना. ते पिकवायचे इजिप्त आणि आफ्रिकेतले शेतकरी. कादंबरीतही नेमकं तसंच आहे. लाच खाते ती राजधानी कॅपिटॉल, पिळले जातात ते तिच्या अंमलाखालचे जिल्हे. आणि कॉलिन्सची खरी करामत टेसेरात आहे. रोममध्ये टेसेरा म्हणजे नागरिकाला हक्काचं धान्य मिळवून देणारा बिल्ला. कॉलिन्सकडे उपाशी पोरगं टेसेरा, म्हणजे धान्य, घेतं आणि त्या बदल्यात खेळात कोण जाणार ते ठरवणाऱ्या मरणाच्या सोडतीत त्याच्या नावाची आणखी एक चिठ्ठी पडते. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची, तिच्या २० चिठ्ठ्या; तिचा मित्र गेलच्या ४२. म्हणजे जो जास्त भुकेला, तो आधी मरणार. एवढं क्रूर गणित रोमनांनाही सुचलं नव्हतं.

‘पात्रांची रोमन नावं नुसती शोभेची’ असंही कुणी म्हणेल, पण तेही अर्धंच खरं. रोमन परंपरेतला सेनानी कोरिओलेनस दुष्काळात म्हणाला होता, लोकांनी आधी आपले ट्रिब्यून (सामान्यांची बाजू मांडणारे अधिकारी) सोडावेत, मगच त्यांना स्वस्त धान्य द्या. कॉलिन्सच्या गोष्टीतला हुकूमशहा, राष्ट्राध्यक्ष स्नो, याचं पहिलं नाव तेच. त्या कोरिओलेनसचं चरित्र लिहिलं ग्रीक लेखक प्लुटार्कने, आणि स्नोला आतून पोखरणाऱ्या पात्राचं नावही प्लुटार्कच. फ्लेवियस, ऑक्टेव्हिया या इतर पात्रांच्या नावांत मात्र मला काही सापडलं नाही. ती खुशाल शोभेची म्हणा.