ऑफिस टाइमची भाजी

काल काकूंनी त्यांची वाटी परत मागितली, म्हणून पुन्हा डोकं फिरलं.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेटजवळ एक वाफा आहे. तिथे मी फेब्रुवारीत ऑफिस टाइमच्या कांड्या खोचल्या. म्हणजे चिनी गुलाबच, पण रुंद पानांचा. रेताड माती, दिवसभर ऊन आणि माती सुकल्यावरच पाणी, नाहीतर देठ कुजतात. एप्रिलमध्ये गालिचा पसरला. फुलं मात्र मी पाहिलीच नाहीत. ती उन्हं चढल्यावर उमलतात, दुपारनंतर मिटतात आणि मी सव्वासातला घर सोडतो ते रात्री आठला येतो. नाव ऑफिस टाइम, आणि ऑफिसला जाणाऱ्यालाच दर्शन नाही!

रविवारी सकाळी सातला खाली उतरलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाफ्यात उकिडव्या बसलेल्या. शेजारी अर्धी भरलेली पिशवी.

"काकू, काय करताय?"

"अरे, घोळ केवढी आलीय! जांभळी नाक्यावर मेला जुडीला वीस रुपये मागतो."

"घोळ नाही हो ती. फुलझाड आहे."

"मग फूल कुठाय?"

"दहाला येतं."

"दहाला? लोकल आहे का ती?"

"ऊन लागतं त्याला."

"मला घोळ शिकवू नकोस. जाड पान, लालसर देठ. आणि पहाटे खुडली की जास्त आंबट लागते, सासूबाई सांगायच्या."

इथेच माझा घात झाला, कारण सासूबाई बरोबर होत्या. घोळ आणि ऑफिस टाइम एकाच पोर्टुलाका घराण्यातले. पाण्याची ओढ बसली की घोळ रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्ल साठवते आणि दिवसा ते वापरते. हे मी हातवारे करून समजावत होतो, तेवढ्यात काकूंनी उरलेला कोपराही खुडला.

"निदान देठं तरी द्या, कांडीला मुळं फुटतात," म्हणून तासाभराने त्यांच्या दारात गेलो. देठं ओल्या कचऱ्यात गेली होती. रविवारी सकाळी, चांगल्या शर्टात, मी सोसायटीच्या हिरव्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा. वॉचमन सभ्यपणे दुसरीकडे बघत होता. कमिटीकडे तक्रार करावी, तर अध्यक्ष काकूंचेच यजमान. मेंटेनन्स एक दिवस उशिरा भरला तर दंड लावतात, वाफ्याचं मात्र "सामाईक आहे हो, चालायचंच."

अकरा कांड्या सापडल्या. त्या आता माझ्या खिडकीत आहेत, ग्रिलच्या आत.

दुपारी मुगाची डाळ घातलेली भाजी वाटीभर आली. मी तोंडही लावलं नाही. काल काकू रिकामी वाटी घेऊन निघाल्या आणि दारात थांबल्या.

"यंदा जरा निबर होती रे. रोज पाणी घालत जा."